पहिले दोन तास गाडीचे

चढ आला की वच्छला सिस्टर गाडीवरून उतरायच्या. हँडल धरून, गाय घेऊन चालावं तशा बाजूने चालायच्या आणि चढ संपला की पुन्हा बसायच्या. उतारावर बटण बंद. माणसं हसायची. कोणी विचारायचं, "सिस्टर, गाडी तुमाले नेते का तुमी गाडीले?" त्या म्हणायच्या, "अर्धं ती नेते, अर्धं मी. संसार असाच असते." लग्न न केलेल्या बाईने असं म्हटलं की लोक अजून हसायचे.

त्या आदिलाबादजवळच्या मावला गावच्या. आईबाप दुसऱ्यांच्या कापसात राबले, ही शिकून सरकारी नर्स झाली. आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्रात होता. आमचं गाव तामसीच्या पुढे. गावातली एक खोली म्हणजे त्यांचा दवाखाना, आणि चार वाड्या त्यांच्याकडे. सुया, गोळ्या, बाळंतपणं, सगळं पायी. पन्नाशी आली तेव्हा गुडघे बोलायला लागले, म्हणून गाडी घ्यायचं ठरवलं.

त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद आदिलाबादला कारकून होता. तो म्हणाला, पेट्रोलची स्कूटी घे. पण तिला लायसन लागतं, आणि लायसनला जमिनीवर आखलेल्या आठावरून गाडी फिरवावी लागते. सिस्टर दोनदा गेल्या, दोनदा पाय टेकला. दुसऱ्यांदा त्यांनी त्या साहेबाला तेलुगूत सांगितलं की माझ्या वाड्यांचा रस्ता आठासारखा नाही, सरळ आहे, तुम्ही येऊन बघा. साहेब आला नाही. मग त्यांना कळलं की बॅटरीच्या हळू चालणाऱ्या गाडीला लायसन लागत नाही. महिनाभरात ती गाडी टेम्पोतून गावात उतरली.

मिलिंद माझ्या गिरणीत येऊन त्यांच्याशी भांडला. "ताई, या गावात करंटचा भरोसा नाही अन् तू करंटवर चालणारी गाडी घेऊन राह्यली."

"अन् पेट्रोलचा भरोसा आहे का? पंप आदिलाबादेत. इथं गंगन्ना बाटलीत विकते, त्यात रॉकेल किती ते त्याच्या देवाले ठाऊक. करंट येते तवा निदान भेसळीचा येत नाही."

मी मिलिंदच्या बाजूची होते आणि तसं तोंडावर सांगितलं. माझी पिठाची गिरणी आधी तेलाच्या इंजिनावर चालायची. इंजिन दोन शिव्या घातल्या की सुरू व्हायचं. करंट शिव्या ऐकत नाही. सिस्टर म्हणाल्या, "काकू, मंग तुमी इंजिन काऊन विकलं?" इंजिनाच्या धुराने माझा खोकला वर्षभर जात नव्हता, आणि तो त्यांनीच औषध देऊन बरा केला होता.

त्यांच्या खोलीवर दिवा काजव्यासारखा लागायचा. माझी गिरणी डीपीच्या ट्रान्सफॉर्मरला लागून, म्हणून करंट चांगला. तेव्हा गाडी माझ्याकडेच चार्जिंगला लागायची. सकाळी सहा ते दहा करंट यायचा, पुढे दिवसभर ठिकाणा नसायचा. पण गिरणी सुरू केली की करंट इतका पडायचा की चार्जरचा लाल दिवा विझायचा. म्हणून आमच्यात ठरलं होतं, पहिले दोन तास गाडीचे, उरलेले दोन गिरणीचे. दोन तासांत एका वाडीचं जाणंयेणं होई. गाडीचा काटा दुसऱ्याच महिन्यात बिघडला होता. आत किती आहे ते गाडी सांगत नव्हती, मी सांगायचे. सिस्टर निघताना विचारायच्या, "काकू, दोन तास दिले का?" मी म्हणायचे, "दिले." त्या बटण दाबायच्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्या दारात पहाटेपासून बाया गव्हाचे डबे घेऊन बसल्या. सणाच्या पोळ्यांचं पीठ. सहाला करंट आला. मी गाडी लावली. बाया कुरकुरायला लागल्या. एक म्हणाली, नर्सबाईची गाडी पोटभर खाईल अन् आमची लेकरं सणाले उपाशी राहतील. मला वाटलं, सणाच्या तोंडावर सिस्टर कुठे जाणार? अर्ध्या तासातच मी गिरणीचा पट्टा चढवला. लाल दिवा विझला तो मी पाहिला. दहाला जाणारा करंट त्या दिवशी साडेआठलाच गेला.

अकराच्या सुमाराला सिस्टर आल्या. खांद्याला बर्फाचा डबा. रोजचा चेहरा नव्हता तो. वरच्या वाडीतून फोन आला होता. सावित्रा नावाची बाई घरीच बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. ॲम्ब्युलन्सला फोन केला होता, पण आदिलाबादच्या वाटेवर ओढ्याला पूर आला होता, ती लांबच्या रस्त्याने येणार. रक्त थांबवायची सुई डब्यात होती. वाडी पाच किलोमीटर.

"काकू, दोन तास दिले का?"

पाचसहा बाया अजून बसल्या होत्या. त्यांचं पीठ माझ्या हाताला होतं. मी म्हणाले, "दिले."

त्यांनी बटण दाबलं आणि गेल्या. गाडीला आवाज नसतो. वळणापर्यंत त्या दिसल्या, मग दिसल्या नाहीत.

मी झाडू घेतला, टाकला. वरच्या वाडीच्या वाटेवरचा चढ माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याच्यापुढे गाडी जाणार नव्हती, हे मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. बायांना डबे घेऊन घरी जायला सांगितलं. त्या का म्हणून विचारत राहिल्या. मी गंगन्नाच्या दुकानात गेले. त्याच्याकडे मोटरसायकल होती.

"पेट्रोल खत्म, अम्मा," तो म्हणाला. सणाला आदिलाबादहून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सगळ्या बाटल्या नेल्या होत्या. शेवटच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणवलं नाही, म्हणून त्याने आपल्या टाकीतलं काढून विकलं होतं. मी त्याला काय बोलणार होते? मीही तेच केलं होतं.

बैलगाडीचं मनात आलं. पण संध्याकाळी खांदेमळणी. ज्या खांद्याला लोणी-हळद लावायची त्यावर त्या दिवशी कोणी जू ठेवत नाही. विचारत बसले असते तर सगळा गाव शास्त्र सांगायला जमला असता.

मग आठवलं. गिरणीची बेअरिंग धुवायला मी बाटलीभर पेट्रोल ठेवत असे, पिठाच्या रिकाम्या डब्यामागे, कोणी मागू नये म्हणून. ती बाटली काढली, गंगन्नाच्या टाकीत ओतली आणि त्याच्या मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदा. तो म्हणाला, अम्मा, पकडो. मी त्याचा सदरा धरला.

चढाच्या पायथ्याशी गाडी उभी होती. झाडाला टेकवून, नीट. सिस्टर चढाच्या वरच्या टोकाला होत्या. डबा डोक्यावर घेतला होता, चपला हातात होत्या, आणि त्या धावत नव्हत्या. गुडघे धावू देत नव्हते. मी उतरले, त्या बसल्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मोटरसायकल गेली.

मी गाडी ढकलत गावात आणली. बॅटरी संपलेली गाडी किती जड असते ते त्या दिवशी कळलं. दर चढावर ही बाई का उतरत होती तेही कळलं. वाटेत दोघे भेटले, मदत करतो म्हणाले. मी नको म्हटलं.

दुपार गेली. गिरणीच्या पायरीवर बसून राहिले. दोनदा करंट आला आणि गेला. दुसऱ्या वेळी चार्जर लावायला मी उठले, पण हात पुढे होईना. बाई मेली तर ही गाडी कुठे ठेवायची, असा वेडा विचार मनात येत होता.

ऊन कलल्यावर गंगन्नाने सिस्टरला आणून सोडलं. लुगड्याच्या काठाला रक्त वाळलं होतं. मी विचारायच्या आधी त्या म्हणाल्या, "आहे. लेकरू पण आहे. ॲम्ब्युलन्स घेऊन गेली." मग पायरीवर माझ्या शेजारी बसल्या. पाणी प्यायल्या.

"काकू, गिरणी चालवली त्याचं मले काही नाही. सण होता. पण 'नाही' म्हटलं असतं तर मी गाडी इथंच टाकून तवाच गंगन्नाकडे गेली असती. ते पेट्रोल तवाच निघालं असतं. तुमी 'दिले' म्हटलं, तिथं माहा अर्धा घंटा गेला. तिच्याजवळ अर्धा घंटा नव्हता."

माफी मागायची मला सवय नाही. त्यांनी ती मागितलीही नाही.

मला वाटलं होतं, आता त्या गाडी दुसरीकडे लावतील, निदान माझ्यावर विसंबणार नाहीत. पोळा झाल्यावर तिसऱ्या दिवशी आल्या, गाडी लावली, आणि निघताना तोच प्रश्न, त्याच आवाजात. "काकू, दोन तास दिले का?" मी म्हणाले, "पाऊण तास कमी आहे." त्या म्हणाल्या, "मंग आज जवळची वाडी." आणि गेल्या. पुढे चार वर्षं असंच चाललं. त्या चार वर्षांत मी एक मिनिटही जास्त सांगितलं नाही.

मग त्यांची बदली वांकिडीकडे झाली. सामान आधी गेलं. जायच्या दिवशी त्यांनी गाडीवरून सगळ्या वाड्यांचा निरोप घ्यायचं ठरवलं. मी त्या सकाळी गिरणी उघडलीच नाही. बाया दारात बसून बोलत राहिल्या, मी ऐकत राहिले.

दहाला त्या आल्या. "काकू, दोन तास दिले का?"

"चार दिले."

त्या गाडीवर बसल्या. पुन्हा आमची भेट झाली नाही. तीन वर्षांनी मिलिंदने निरोप पाठवला, मावल्यात घरीच वारल्या म्हणून.

आता माझ्या नातवाला कार घ्यायची आहे. बॅटरीची घेऊ का पेट्रोलची, असं घरात रोज चाललेलं असतं. मला विचारतात. मी म्हणते, कोणतीही घ्या, पण आत किती आहे ते विचारल्यावर खरं सांगत जा. नातू हसतो, म्हणतो, आजी, आता गाडीच सांगते.

सांगत असेल. सिस्टरांच्या निरोपाच्या दिवशी मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही, वरच्या वाडीचा चढ आला तशा सिस्टर गाडीवरून उतरल्या. मी वळणापर्यंत चालत जाऊन पाहिलं.