उन्मेषची झोप

गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीत उन्मेष शिर्केच्या घरासारखं शहाणं घर नाही, असं सगळे म्हणत. मला मात्र त्या घराची धास्तीच वाटायची. उन्मेष रिफायनरीत पाळीवर जाणारा, सज्जन माणूस. रात्रपाळीत डोळा लागला तर तिथे अनर्थ व्हायचा, म्हणून तो दिवसा झोपायचा आणि त्याच्या झोपेवर सगळं घर पहारा द्यायचं. दारावरची बेल त्याने काढून टाकली होती. कुकर तो उठल्यावरच चढायचा. एकदा मनालीने, त्याच्या मुलीने, भर दुपारी हाक मारून त्याला उठवलं. तो रागावला नाही, मारलं तर नाहीच. नुसता तिच्याकडे बघत राहिला. तेव्हापासून सहा वर्षांची ती पोर कुजबुजतच बोलायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "किती गुणी!" माझं डोकंच फिरायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्याची बायको सुनेत्रा माझ्या दारात आली.

"काकू, मनाली कुठे दिसत नाही," ती पुटपुटली.

"म्हणजे? कधीपासून?"

"धीमे बोला ने काकू, हे झोपलेत."

तिचे ओठ पांढरे पडले होते, तरी आवाज काही चढत नव्हता. आजूबाजूच्या घरांतून ती अशीच हळू आवाजात विचारत फिरून आली होती. पोरीला एकदाही हाक मारली नव्हती. बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. आम्ही गच्ची पाहिली. पाण्याच्या टाकीत मी वाकून पाहिलं. टाकीत नुसतं पाणी होतं. शेवटी शिर्क्यांच्या अंगणात उभी राहून मी गळा फाडून ओरडले, "मनाली! ए मनाली!" सुनेत्राने चक्क माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तो झटकून टाकला.

उन्मेष बनियनवरच बाहेर आला. काय झालंय ते कळल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली त्याची जुनी गाडी उभी होती, कापडी कव्हर घातलेली. मागच्या दारापाशी कव्हर वर सरकलेलं त्यालाच दिसलं. त्याने ते ओढून काढलं.

मनाली आत होती. गाडीत राहिलेली बाहुली घ्यायला शिरली आणि दार लागलं. मागची दारं मुलांनी उघडू नयेत म्हणून फक्त बाहेरूनच उघडतील अशी केलेली, आणि पुढचा खटका इतका घट्ट की मलाही उघडत नाही. ती पुढच्या सीटवर येऊन बसली होती. लालबुंद चेहरा, मान कलंडलेली, केस घामाने चिकटलेले. तिचा हात हॉर्नवर होता.

दवाखान्यात पोचेपर्यंत उन्मेष तिच्या नाकापाशी बोट धरून होता. मी देवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. सलाईन लागलं. संध्याकाळी तिने डोळे उघडले, तेव्हा कुठे आम्ही श्वास सोडला.

"हॉर्न का नाही वाजवलास गं?" सुनेत्राने विचारलं.

"बाबा झोपले होते ना."

उन्मेष पलंगाशी खालीच बसला. "मला उठवायचं, बाळा. कधीही उठवायचं. आत्ता मार बघू हाक. जोरात! अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाऊ दे."

तिने छाती भरून श्वास घेतला. मानेच्या शिरा ताणल्या. तोंड उघडलं.

"बाबा," असं ती म्हणाली, हे मला तिच्या ओठांवरून कळलं.