सिस्टरांची जांभळी लोकर

“पाठ फिरवा.”

एवढंच म्हणायच्या आणि आपण वळायच्या आत त्यांची वीत आपल्या पाठीवर पडलेली असायची. किराणा दुकानात, बसथांब्यावर, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल, समोरच्याला बघताच त्याला थंडी वाजते का याचा हिशेब करणारं. आमच्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात त्या होत्या. ग्रामीण रुग्णालयातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. माझी आणि त्यांची भिंत एक.

स्वेटरचं माप घेतल्यावर त्या विणायची सुई समोरच्याच्या हातात द्यायच्या. पहिला टाका ज्याचा त्यानं घालायचा, हा त्यांचा नियम. “न्हाईतर स्वेटर बेवारशी ऱ्हातो,” म्हणायच्या. गल्लीतल्या तान्ह्या बाळांच्या मुठीतसुद्धा त्यांनी सुई धरवली होती.

बाजाराची कामं त्या मुद्दाम पावसासाठी राखून ठेवत. “उघडिपीला दुकानात गर्दी. पावसात मानूस दोन शब्द बोलतो तरी.” गेल्या श्रावणात, चार दिवस पाऊस थांबलेला नसताना, त्यांनी माझं दार वाजवलं. वर्षभराच्या आजारानं त्या अर्ध्या झाल्या होत्या.

“पुस्तकवाले, छत्री घ्या. आज वाचनालयात कुत्रंबी येणार न्हाई.”

ते खरंच होतं. मी निघालो.

आधी गिरणी. दळणाचा डबा मी घेतला, तो त्यांनी आपल्या पदरानं झाकला आणि स्वतः भिजत चालल्या. मग औषधं. औषधवाल्यानं मुलाला यायला सांगा असं सुचवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मुलगा असता तर तुज्याकडं कशाला आले असते, त्यालाच धाडला असता.” शेवटी कापडाचं दुकान. मालकानं मागच्या फळीवरून लोकरीच्या लडी काढल्या.

“आता कोण सापडलं, सिस्टर?”

“मी.”

तो हसणार होता, पण त्यांच्याकडे बघून थांबला. “मग फिक्कट रंग देऊ का? वयाला शोभंल.”

“जन्मभर पांढरं घातलं. ती जांभळी काढ. आन् इनणार हे हायेत.” बोट माझ्याकडे.

“मला येत नाही,” मी म्हणालो.

“मलाबी येत नव्हतं.”

घरी आल्यावर त्यांनी ओलं डोकं पुसलं आणि माझ्याकडे पाठ केली. “घ्या माप.” माझा हात उचलेना. “नर्सच्या पाठीला लाजता व्हय?” मी वीत टेकवली. दोन विती पुऱ्या व्हायच्या आत पाठ संपली. हाताखाली नुसती हाडं लागली.

“चार बोटं वाढवून धरा,” त्या न वळता म्हणाल्या. “उठले की भरंन मी.”

आयुष्यभर त्यांनी रोगी पाहिले होते. मी चार बोटं वाढवली.

सुरुवात स्वेटरच्या पाठीपासून. पहिला टाका नियमाप्रमाणे त्यांनीच घातला, आणि मग पहिली ओळही. पुढं संध्याकाळी वाचनालय बंद करून मी जायचो. त्या खाटेवर पडून माझ्या हातांकडे बघत. एक सुलट, एक उलट. चुकलं की त्यांना नुसत्या सुयांच्या आवाजावरून कळायचं. “उसवा. लोकरीला राग येत न्हाई.” मी उसवायचो. कधीकधी त्या मध्येच झोपी जात आणि मी विणत राहायचो. बाहेर पन्हळीचं पाणी पडत असायचं.

एकदा मी विचारलं, टाके सुईवरून उतरवून बंद कसे करायचे?

“ते शेवटाला. आधी उंची तर येऊ द्या. घाई हाय का तुमाला?”

मला घाई नव्हती. खरं तर मी हळू विणत होतो. विणकाम संपेपर्यंत त्या राहतील, असं काहीतरी मी मनाशी धरलं होतं.

नवरात्राच्या आधी त्यांचा भाचा त्यांना नगरच्या दवाखान्यात घेऊन गेला. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, “किती झालं?” मी हातानं उंची दाखवली. “आनखी वीतभर,” त्या म्हणाल्या. “मी आल्यावर दावते पुढचं.”

त्या आल्या, पण गाडीतून उतरवून घ्यावं लागलं. भाच्यानं तोंडावरून दवाखान्याची पांढरी चादर ओढली होती.

राहिलेलं वीतभर मी दिवाळीपर्यंत पूर्ण केलं. कापडवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, “द्या, आमची मंडळी टाके बंद करून देतील. पाच मिनटाचं काम.” मी ते पुन्हा पिशवीत ठेवलं.

आज सकाळपासून पाऊस लागला आहे. वाचनालयात कुणी नाही. मी पिशवीतून स्वेटरची पाठ काढून टेबलावर पसरली. खालची पहिली ओळ घट्ट, एकसारखी. तिच्यावर माझ्या सैल, वाकड्या ओळी, आणि चार बोटं जास्तीची रुंदी. उंची आली आहे. टाके सुईवरच आहेत.