दादासाहेबांची पुढची तारीख

आमच्या तालुक्याच्या बाररूममध्ये कुणी दादासाहेबांचं नाव काढलं की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. मी बारा वर्षं त्यांची ज्युनियर होते, त्यामुळे माझ्याकडचा साठा सगळ्यांत मोठा!

माणूस हुशार, पण कोर्टात उभा राहिला की तोंडातून पहिलं वाक्य, "पुढची तारीख मिळावी, साहेब!" एकदा समोरचा वकील आलाच नव्हता. आयता निकाल आमच्या बाजूने लागत होता. तरी हे उठले आणि तारीख मागून मोकळे! मी कपाळाला हात लावला.

*

दादासाहेबांच्या मुलीला बघून गेलेले पाहुणे पुन्हा घरी आले. "मग साखरपुडा कधी उरकायचा?"

दादासाहेब सवयीने उभे राहिले. "पुढची..."

काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "खाली बसा! तारीख मी देते." आणि दिलीसुद्धा.

*

मग आमचे दादासाहेब पंचायत समितीच्या निवडणुकीला उभे राहिले. तिसगावच्या सभेत गयाबाई उठल्या. पुतण्याने त्यांच्या रानाची वाट अडवलेली, नऊ वर्षं दावा चाललेला. टेम्पो जात नाही म्हणून म्हातारी कांद्याच्या गोण्या डोक्यावरून काढायची. मला तिचं फार वाईट वाटायचं.

"वकीलसाहेब, माजी वाट कधी मोकळी व्हनार?"

"पुढच्या सभेत बोलू, आजी!"

"म्हंजी तुमीबी तारीखच दिली की!"

त्या बूथवर साहेबांना एक मत पडलं. तिथे त्यांचे स्वतःचे पोलिंग एजंटच दोन होते!

*

पडलेल्या पुढाऱ्याची कुठेतरी सोय लावावीच लागते. साहेबांची लोकअदालतीच्या पॅनेलवर लागली. नवा कोट शिवला, जज्जमॅडमच्या शेजारी खुर्ची मिळाली. काय तो रुबाब!

गयाबाईंचं प्रकरण पुकारलं गेलं. तेवढ्यात मॅडमना चेंबरमध्ये जावं लागलं. "दादासाहेब, तडजोड होतेय, सह्या तेवढ्या घ्या," म्हणाल्या.

खरंच होत होती. पुतण्या कधी नव्हे तो नरमला होता. "देतो बांधावरनं धा फूट," म्हणाला आणि पेन हातात घेतलं. आज हुकलं तर हा बाबा परत तयार होणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर दादासाहेब उठले. मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून कमरेत वाकले.

"पुढची तारीख मिळावी, साहेब!"

पुतण्याने लगेच पेन खाली ठेवलं.

नऊ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या गयाबाईंनी टेबलावर थाप मारली.

"अर्ज नामंजूर! बसा खाली, वकीलसाहेब. आन् तू रं, कर सही!"

दोघांनीही ऐकलं.