माझीच योजना, माझ्याच मांडवात

आता हा पराक्रम सांगू तरी कुठल्या तोंडाने? हसा, पण चहा सांडू नका!

धुळ्याजवळच्या आमच्या गावात, नगरपालिकेत, उष्माघाताचा आराखडा मीच केला. शास्त्रज्ञांचे अहवाल वाचले, पत्र्याच्या घरांतून फिरलो. मागच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या वत्सलाअक्का पत्र्याखाली भोवळ येऊन पडल्या होत्या. जिवावरच बेतलं होतं. म्हणून मी लिहिलं, रेड अलर्ट आला की गावातला हॉल दुपारभर म्हाताऱ्या माणसांसाठी उघडायचा. मोठाले कूलर आहेत ना तिथे! रिक्षावरच्या भोंग्यातून माझ्याच आवाजात दवंडी फिरवली. छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटायची बाकी!

मे उजाडला, रेड अलर्ट आला. आणि मी? मी रजेवर! पोरीचं लग्न होतं हो. कुठे? त्याच हॉलमध्ये!

हसताय ना? हॉल दिवाळीतच धरलेला, आराखडा त्यानंतरचा. पण ऑफिसातलं डोकं आणि घरातलं डोकं यांची माझ्यात कधी गाठच पडली नाही.

भरदुपारी अक्का आल्या. मागे वस्तीतली सगळी म्हातारी मंडळी. आमच्या लोकांना वाटलं, नवऱ्याकडचे. नवऱ्याकडच्यांना वाटलं, आमचे. कोणी अत्तर लावलं, कोणी सरबत दिलं, आणि मंडळी थेट कूलरसमोरच्या सोफ्यांवर! नवरदेवापुढे नाचून लालबुंद झालेलं वऱ्हाड आत आलं, तर टेकायला जागा नाही.

मी धावलो. "अक्का, तुम्ही इथे?"

"तुनाच आवाज व्हता ना भाऊ भोंग्यामा! आम्ही बठ्ठा उनूत. आते परत उनमा जाऊत का?"

माझीच दवंडी ऐकून सगळे आलेले! यांना पुन्हा त्या पत्र्याखाली धाडायचं?

"बसा अक्का, जेवूनच जा," म्हटलं, आणि व्याह्यांपुढे हात जोडले. "तात्या, सांभाळून घ्या. इतक्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढणं फार धोक्याचं असतं हो. शास्त्रच सांगतं!"

तात्यांनी उपरण्याने घाम पुसला. घामाने निथळणाऱ्या वऱ्हाडाकडे एकदा पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "आम्ही तर गोरज मुहूर्तच मागत होतो. तुम्हीच म्हणालात ना, 'दुपारच्या उन्हाने काय होतंय!'"