नापास होण्याची तयारी

विज्ञान नको म्हणून मुलं बी.ए.ला यायची, आणि पहिल्याच वर्षी वेळापत्रकात 'सामान्य जीवशास्त्र' बघून त्यांची तोंडं उतरायची. सत्तरच्या दशकात भंडाऱ्याच्या कॉलेजात तो विषय माझ्या गळ्यात पडला. मी प्राणिशास्त्राची एम.एस्सी., नागपूरहून नवी नवी आलेली. सायन्सचे वर्ग जुन्या मंडळींनी वाटून घेतले होते. उरलेली कला शाखा माझ्या वाट्याला आली, वर सगळ्यांनी माझं अभिनंदनही केलं.

कला शाखेला जीव असतो की नाही, याबद्दलच सायन्सवाल्यांना शंका होती. त्यामुळे आम्हाला सूक्ष्मदर्शक मिळायचा तो एकच, तोही 'हात लावू नका, नुसतं बघा' या बोलीवर. कांद्याचा पापुद्रा बघायला वर्गाची रांग लागायची. बहुतेकांना त्यात स्वतःच्या पापण्या दिसायच्या आणि ते वहीत पापण्या काढून द्यायचे. वैनगंगेला पूर येऊन पुलावर पाणी चढलं की पलीकडच्या कारध्याची मुलं गैरहजर. पाणी उतरल्यावरही आठवडाभर त्यांचा पूर ओसरत नसे.

मुलींचं तसं नव्हतं, त्या नेमाने यायच्या. त्यामागचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. आमच्या भागात सुनेचं शिक्षण नवऱ्यापेक्षा एक पायरी खाली हवं, असा दंडक होता. मुलगा मॅट्रिक असेल तर मुलगी नववी, मुलगा बी.ए. असेल तर मुलगी दुसऱ्या वर्षापर्यंत. कमी शिकलेली चालत नाही, कारण चारचौघांत सांगायची लाज. जास्त शिकलेली तर मुळीच नाही. भाताला पाणी घालावं तसं शिक्षण मोजून घालायचं. नैसर्गिक निवड म्हणजे काय, हे मी फळ्यावर आकृत्या काढून समजावत होते, आणि समोर बसलेल्यांची निवड तिकडे मामा आणि आत्या मिळून करत होत्या.

त्या वर्गात एक मुलगी होती. तलावाकाठच्या एका गावातली, धानाची शेती करणाऱ्या घरची. भंडाऱ्याला मावशीकडे राहून शिकायची. पापण्या न काढता पेशी काढणारी वर्गात ती एकटीच. मी प्रश्न विचारला की बाकीचे खिडकीबाहेर बघायचे आणि ती माझ्याकडे. खरं सांगायचं तर मी तिच्यासाठीच शिकवत असे. उरलेल्यांना आपली हजेरी लागत होती, मला पगार मिळत होता, तक्रार कुणाचीच नव्हती.

परीक्षेच्या दिवसांत तिचे वडील मला शोधत स्टाफरूममध्ये आले. डोक्यावर टोपी, हातात चिन्नोर तांदळाची पिशवी. ती पिशवी टेबलावर ठेवायची की खाली, या विचारात ते बराच वेळ उभे राहिले.

"बाई, पोरीले तुमसरचं ठिकाण आलं जी," ते म्हणाले. "राइस मिल हाय त्यायची. पोरगा बी.ए.च्या दुसऱ्या सालापर्यंत शिकला. त्यायले पहिलं साल पास झालेलीच पोरगी पायजे. लेखी तं तिनं चांगली लिवली म्हनते. आता तुमचं ते बेंडकाचं तोंडी तेवढं राहिलं. पास करून टाका, म्हंजे याच उन्हाळ्यात लगन उरकतो."

"तिला पुढे शिकायचं नाही का?"

"कायले जी? पोरगाच दोन सालं शिकला, तं ही तीन सालं शिकून काय करन?"

हिशेब चोख होता. मी पिशवी परत दिली आणि सांगितलं, उत्तरं बरोबर आली तर पास होईल, चुकली तर नापास. त्यांनी ते हसण्यावारी नेलं, कारण नापास होण्यासारखी त्यांची मुलगी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी ती मला व्हरांड्यात गाठायला उभी होती. सूक्ष्मदर्शकाची पेटी माझ्या हातातून घेत म्हणाली, "मॅडम, मी पास झाली तं लगन लावून टाकतीन. मले बी.ए. पुरं कराचं हाय. बी.एड. कराचं हाय."

मी म्हटलं, वडिलांशी बोल. आता विचार केला की हसू येतं. जीवशास्त्रात एवढं शिकलेली मी, आणि तोडगा काय सांगितला तर वडिलांशी बोल! तीही थोडी हसली. मग म्हणाली, "ते लय बोलून झालं जी. माय बोलली, मावशी बोलली. आता तुमच्या परीक्षेतच काय ते होईन."

मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून नागपूरचे एक वयस्क प्राध्यापक आले होते. स्वभाव देवमाणसाचा, लक्ष सगळं दुपारच्या एस.टी.कडे. तोंडीत स्वतंत्र पास व्हावं लागे हे खरं, पण कला शाखेला तोंडीत नापास करायचं नसतं, हा अलिखित नियम त्यांना पाठ होता. जो बोलेल त्याला पास करायचं आणि जो बोलणार नाही त्यालाही. मुलगी गप्प बसली तर 'घाबरली बिचारी, येत असेल तिला' म्हणून पास. त्या सकाळी अशा कितीतरी बिचाऱ्या पास होऊन गेल्या होत्या. म्हणजे ज्या मुलीला खरोखर नापास व्हायचं आहे, तिला गप्प बसून भागणार नव्हतं.

ती आत आली, ताठ बसली.

"माणसाच्या हृदयाला कप्पे किती?" सरांनी विचारलं.

"तीन, सर."

"बरं. बेडकाच्या?"

"चार."

सर समजुतीने हसले. "गडबड झाली. घाबरू नकोस. भिंत कुठल्या पेशीला असते, वनस्पतीच्या की प्राण्याच्या?"

"प्राण्याच्या." आवाज खणखणीत, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा.

सर आणखी एक पायरी खाली उतरले. "मासा श्वास कशाने घेतो?"

"फुप्फुसानं."

"आणि तू?"

"कल्ल्यांनी, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. मी मात्र हातातली पेन्सिल खाली ठेवली. अंदाजाने उत्तरं देणारी मुलं मी रोज बघत होते. अंदाजाने बोलणारा माणूस सतत चुकू शकत नाही; आंधळ्याचा दगडसुद्धा कधीतरी लागतो. हिचा एकही लागत नव्हता. माणसाचं बेडकाला आणि बेडकाचं माणसाला, अगदी अचूक अदलाबदल. एवढं नेमकं चुकायचं तर आधी सगळं यावं लागतं.

खात्री करून घ्यायला मी एकच प्रश्न विचारला. "धानाचं मूळ कसं असतं? सोटमूळ की तंतुमूळ?"

दर पावसाळ्यात धानाचे पऱ्हे उपटून चिखलात रोवणी करणारी ती मुलगी. तिच्या नखांत त्या मुळांचा चिखल मी पाहिलेला होता. ती पहिल्यांदाच अडखळली. बाकी सगळं पुस्तकातलं होतं, ते उलटं करता येत होतं. हे घरचं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते सांगायला मला आकृती काढायची गरज नाही. ती माझ्याकडे एक वर्ष मागत होती.

"सोटमूळ," ती म्हणाली. आवाज मात्र या वेळी खाली गेला होता.

ती बाहेर गेल्यावर सर म्हणाले, "मॅडम, तोंड उघडलं याचे काठावरचे मार्क देऊन टाका. एस.टी. चुकेल माझी."

आणि मग मी नियमावर बोट ठेवलं. एकही उत्तर बरोबर नाही, पास कशी करणार? परीक्षेचं पावित्र्य, शिक्षकाचं कर्तव्य, विषयाची प्रतिष्ठा, काय काय बोलले ते! एवढं तत्त्वनिष्ठ भाषण मी नंतर कधी केलं नाही. सरांनी घड्याळ पाहिलं आणि सही केली. त्या सकाळी डोळे मिटून पास केलेल्या मुलांच्या रांगेत, ज्या एका मुलीला सगळं येत होतं, तिला मी नियमाप्रमाणे नापास केलं. मला अतिशय आनंद झाला होता आणि तो लपवताना माझा चेहरा फारच कडक दिसला असावा, कारण तेव्हापासून कॉलेजात मी खडूस म्हणून प्रसिद्ध झाले.

प्राचार्यांनी बोलावून विचारलं, "बी.ए.च्या मुलीला बेडकावरून नापास?" मी म्हटलं, "नाही सर, धानावरून." 

तुमसरकडच्यांनी 'नापास सून नको' असा निरोप पाठवला आणि सोयरीक मोडली. तिचे वडील चवताळून माझ्याकडे आले, या वेळी पिशवीशिवाय. मी त्यांना माझं आधीचंच वाक्य ऐकवलं: उत्तरं चुकली. ते पाय आपटत गेले. पण एकदा नापास झालेल्या मुलीचं करायचं काय, हा प्रश्न उरलाच. तेव्हा त्यांच्या भाऊबंदांनी बसून विचार केला आणि ठरवलं, की नापासाचा डाग आता डिग्रीशिवाय जाणार नाही. हे तिने आधीच ओळखलं होतं की तिचं नशीब, मी कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती परत माझ्यासमोर तोंडीला बसली आणि माझा प्रश्न संपायच्या आत म्हणाली, "तंतुमूळ, मॅडम." आम्ही दोघीही हसलो. मग बी.ए. झाली, बी.एड. झाली आणि साकोलीकडच्या एका शाळेत मास्तरीण म्हणून लागली.

ऐंशीच्या दशकात, सात-आठ वर्षं उलटल्यावर, भांड्यांच्या दुकानात पितळेची परात बघत असताना मागून आवाज आला, "रामराम बाई."

तेच वडील. टोपी तीच असावी, डोक्यावरचे केस तेवढे गेले होते. त्यांनी मोठीची, म्हणजे माझ्या त्या विद्यार्थिनीची, ख्यालीखुशाली सांगितली. जावईही शिक्षकच मिळाला म्हणे, आणि कोण किती पायऱ्या शिकलं ते कुणी विचारलं नाही. मग इकडेतिकडे बघत ते जवळ आले.

"धाकटी या साली तुमच्याच वर्गात हाय जी. माह्या भावानं तिच्यासाठी ठिकाण आणलं. लय मागं लागून राहिला. मी नाई म्हनलं तं भांडण होते." त्यांनी टोपी नीट केली. "बाई, तिलेबी एक साल मागं ठेवता येईन का?"

मला हसावं की रडावं कळेना. पास करा म्हणून आलेला माणूस नापास करा म्हणून उभा होता. मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं: उत्तरं बरोबर आली तर पास, चुकली तर नापास.

"ते मले ठाऊक हाय," ते म्हणाले. "म्हून तं मोठी दर आइतवारी घरी येऊन तिचा अभ्यास घेऊन राहिली."

"अभ्यास? नापास व्हायचं तर अभ्यास कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एम.एस्सी. होऊनही या बाईला साधी गोष्ट कळत नाही.

"मोठी म्हनते, आधी सारं बरोबर यायले पायजे जी. अंदाजपंचे बोलली अन् एखादं बरोबर लागलं, तं पोरगी पास नाई का होईन?"

इतकी वर्षं त्या विषयाच्या तासाला मी घसा कोरडा केला. पण माझ्या परीक्षेची इतकी कसून तयारी फक्त त्या एका घरात होत होती. मी परात तिथेच ठेवली आणि त्यांना विचारलं, धाकटीला मुळांचा धडा नीट कळलाय ना.