तोंडपाठ माप

आमच्या काकांचं आयुष्यात कधी काही चुकलेलं नाही. चुकलं ते कापडाचं, दोऱ्याचं, नाहीतर माप देऊन घरी गेल्यावर चापून जेवणाऱ्या गिऱ्हाइकाचं. काका बायकांचे कपडे शिवतात. डोळ्यांवर जाड भिंगं आली, मशीनसमोर बसताना पाठ कुरकुरते, तरी घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान सकाळी उघडतंच. गळ्यातला टेप ते फक्त झोपताना काढतात, आणि तेही काकू ओरडते म्हणून.

मी त्यांची पुतणी. पलीकडच्या गल्लीत राहते, त्यामुळे या घरची बिनपगारी हमाल.

काकू मागच्या न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर माझा चुलतभाऊ तिला आपल्या घरी घेऊन गेला. तिथे लिफ्ट आहे, सपाट फरशी आहे, उंबरा नावालाही नाही. ती वॉकर धरून चालायला लागली तसं त्याने काकांना बजावलं, "बाबा, आई आपल्या न्हाणीघरात एकटी जाऊन एकटी परत आली, तर राहा तिथेच. नाहीतर दुकान बंद करा आणि दोघंही माझ्याकडे या."

मुलगा वाईट नाही. त्याची भीती खरी होती. पण काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकू तर रोज मला फोन करायची. "झालं का गं काम? इथे मला अगदी फुलासारखं ठेवलंय, तक्रार नाही. पण मला घरी ने."

मग आम्ही घर उसवायला घेतलं. हा शब्द काकांचा. उंबरे काढले, मागच्या दोन पायऱ्यांवर उतार केला, वॉकर जाईल एवढं दार रुंद केलं. राहिलं होतं ते कमोड बसवणं आणि भिंतीला धरायची दांडी लावणं. प्लंबर म्हणाला, "आजोबा, या दांडीची उंची ठरलेली असते. सगळ्यांना चालते."

"सगळ्यांना चालतं ते कुणालाच नीट बसत नाही," काका म्हणाले. "माझ्या बायकोने जन्मात रेडीमेड घातलेलं नाही."

काकू तिकडे, म्हणून तिच्या जागी मला उभं करण्यात आलं. काकांनी माझं मनगट भिंतीला लावून पाहिलं आणि खडूची रेघ मात्र बरीच वर मारली. "तू ठेंगणी. ती तुझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे."

"होती," मी म्हटलं. "आता वयाने वाकून माझ्याएवढीच झाली असेल. फोन करून माप मागवू या का?"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लग्नापासून तिचे सगळे कपडे मी शिवतोय. तिचं माप मला तोंडपाठ आहे. आता तू मला माझी बायको शिकवणार?"

मी गप्प बसले. अक्षरशः बसले, कारण पुढे मला दुकानातल्या स्टुलावर बसवून खाली एकेक फळी सरकवणं सुरू झालं. घरासाठी मी पुष्कळ कामं केली आहेत, पण न बसवलेल्या कमोडवर बसून दाखवायची वेळ पहिलीच. प्लंबर तोंड फिरवून हसत होता. शेवटी कमोडखाली छोटासा ओटा बांधायचा ठरला. "म्हणजे तिला गुडघ्यात फार वाकायला नको," काका म्हणाले, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा मागितला.

काम झालं आणि चुलतभाऊ काकूला परीक्षेला घेऊन आला. काका नवा सदरा घालून दारात उभे. काकू उतारावरून सुरेख आली, रुंद दारातून सुरेख आत गेली. काका मुलाकडे असं बघत होते, की जणू त्याला घर नव्हे, मुलगी दाखवतायत. मी काकूबरोबर न्हाणीघरात होते, पण तिने मला हात लावू दिला नाही.

ती बसली आणि तिचे पाय लोंबकळायला लागले. तिने दांडीकडे हात नेला. हात पोचला, पण खांदा कानाला टेकला. जोर कुठून लावणार? तिने दोनदा प्रयत्न केला, आणि मग मला आधार द्यावाच लागला.

बाहेरून मुलाने विचारलं, "काय झालं?" मी काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "बघा बाबा." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"त्या प्लंबरने दांडी वर लावली," काका म्हणाले. "खडूवर लाव म्हणून सांगितलं होतं."

"खडूवरच आहे," काकू आतून म्हणाली. "अहो, टेप घेऊन आत या. माझं माप घ्या."

"तुझं माप मला..."

"घ्या म्हणते ना."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. काकांनी टेप लावला, पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग जुन्या खुणेच्या खाली नवी रेघ मारली. मध्ये चार बोटं भिंत रिकामी. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईची कंबर दुकानात बसून सांगणारा हा माणूस त्या रिकाम्या जागेकडे बघतच राहिला.

"तू बोलली नाहीस," ते म्हणाले. "गाऊन लांब होतो, असं एकदासुद्धा म्हणाली नाहीस."

"पायात यायचे. तुम्ही दुपारी आडवे झालात, की तुमच्याच मशीनवर खालून दुमडून घ्यायचे." काकूने वॉकर पुढे ओढला. "एवढ्या हौसेने शिवायचात. तुम्हाला चुकलं कोण म्हणणार?"

मला काकांची दया आली आणि काकूचा रागही आला. नवऱ्याचं मन राखायला बाई वर्षानुवर्षं चोरून पट्ट्या दुमडत होती.

मुलगा म्हणाला, "चल आई. दुरुस्ती होईपर्यंत तरी माझ्याकडे चल."

"ती नाही येणार," काका म्हणाले. आवाज बसला होता, पण हेका शाबूत होता. "ती समोर नव्हती म्हणून तर हे असं झालं. आता ती इथे राहील, आणि माप तिच्या अंगावरच घेऊ." काकू तोवर दुकानातल्या बाकावर जाऊन बसली होती आणि वॉकर तिने फाटकासारखा समोर आडवा लावला होता.

मी त्यांच्याकडे मुक्काम ठोकला. ओटा फोडला गेला, दांडी खाली आली. यावेळी रोज काकूला उभं करून, बसवून, हात धरायला लावून पाहिलं जायचं. काका प्लंबरला एक शब्द बोलायचे नाहीत, फक्त तिला विचारायचे, "आता?" आणि ती म्हणायची, "जरा अजून."

मुलगा पुन्हा आला. काकू आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. आम्ही तिघं बाहेर भिंतीकडे बघत उभे. पाण्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग वॉकरचे पाय वाजले आणि ती एकटी बाहेर आली. मुलाने तिच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि त्याच्या घरी राहिलेली तिची बॅग गाडीतून आणायला गेला.

काकांना आता कंठ फुटला. "चांगली झालीय. मला मात्र ही दांडी खालीच पडणार. माझी उंची वेगळी."

काकूने हात लांब करून त्यांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. "उभे राहा भिंतीला."

"माझं काय करायचंय?"

"राहा म्हणते ना."

काका उभे राहिले. छाती बाहेर, मान ताठ, नजर समोर.

"टाचा खाली टेकवा," काकू म्हणाली.