लोणच्याची चव आणि दातांचं कवच

नारायण पेठेतल्या घरी मी लोणची घालून विकते. मिठाचा, आंबटाचा अंदाज सगळा माझ्या जिभेवर. एका बरणीची चव दुसरीत मिसळू नये म्हणून दर वेळी चाखून झालं की मी मोरीत जाऊन खसाखसा दात घासायचे. या शिस्तीचा मला अभिमानच होता.

गेल्या हिवाळ्यात माठातलं पाणीही दातांना झोंबायला लागलं. दातांच्या डॉक्टर वयानं माझ्या मुलीएवढ्या. हातात आरसा देऊन म्हणाल्या, "अहो काकू, आंबटानं दातांवरचं कवच थोडा वेळ मऊ पडतं. तेव्हा नुसती चूळ भरायची. तुम्ही नेमकं तेव्हाच घासत राहिलात." गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं टिकवायला फ्लोराइड लावायचं आणि चाखणं बंद.

"लोणच्यापेक्षा तुझे दातच जास्त मुरलेत," सोबत आलेले हे म्हणाले. मला हसू आलं नाही. चाखायचंच नाही, तर या घरात माझं काय उरलं, हाच विचार डोक्यात घोळत होता.

फ्लोराइड लावायला डॉक्टरांनी खुर्ची मागे कलवली. मिटल्या डोळ्यांवर दिव्याचा केशरी उजेड पसरला. बारीक ब्रशनं एकेका दाताला काहीतरी गोडसर, चिकट लागत होतं. बाहेरच्या रिक्षा फार लांबून, पाण्याखालून गेल्यासारख्या वाजत होत्या. गच्चीवरच्या उन्हात लिंबाच्या फोडी तरंगताना दिसल्या. वाटलं, मीच एक बरणी आहे आणि कुणीतरी माझ्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधतंय. उठूच नये असं वाटत होतं.

घरी लिंबाचं लोणचं कालवून ठेवलेलं होतं. चमचा मी सुनेपुढे धरला. ती नागपूरची, आयटीतली, घरूनच काम करते. तिनं कानातला हेडफोन काढून ठेवला, डोळे मिटून बराच वेळ चव घेतली.

"आई, मीठ कमी वाटून राह्यलं."

माझा विश्वास बसला नाही. तरी मूठभर मीठ घातलं, काहीशी चिडूनच.

लोणचं मुरल्यावर वारज्याच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "यंदा फार छान जमलंय. तुमच्या हाताची चव लपत नाही."

"चव सुनेनं बघितली," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "मग आता आम्हाला काळजी नाही."

मी फोन ठेवला. काळजी माझीही मिटली होती, आणि मला रडू येत होतं.